घराचा भाव आणि घरावरचं नाव

(मुंबईच्या उपनगरांतील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



आमचा गट मुलुंड आणि घाटकोपर भागात काम करतो. येत्या काही महिन्यांत आम्ही एक घर-माहिती पत्रक सुरू करतो आहोत. दोन पानांचं, तीन महिन्यांनी एकदा निघणारं, वस्त्यांत आणि सोसायट्यांत हातोहात वाटायचं. आपल्या भागात कुठे नवी इमारत उभी राहते आहे, भाव काय चालला आहे, भाडं आणि डिपॉझिट किती, पुनर्विकास कुठे अडला आहे, ही माहिती बायकांच्या हाती यावी एवढाच आमचा सुरुवातीचा विचार होता. आज मला त्या तयारीबद्दल बोलायला सांगितलं आहे. तयारी करता करता पत्रकाचा नकाशाच बदलला. तो का बदलला ते सांगते.

पहिल्यांदा आम्ही दलालांच्या दुकानांतून फिरलो. स्टेशनबाहेरच्या पाट्या उतरवून घेतल्या, बिल्डरांची चकचकीत पत्रकं जमवली. सगळीकडे एकच भाषा: फुटाला इतके, मेट्रो पाच मिनिटांवर, समोर डोंगराचा देखावा. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून तर प्रत्येक इमारत मेट्रोला खेटूनच उभी असते, निदान जाहिरातीत. आम्ही वहीत भाव लिहीत गेलो. वही भरली आणि आम्हाला वाटलं, पहिला अंक तयार झाला.

ती वही घेऊन आम्ही घाटकोपरच्या एका सोसायटीत बायकांच्या बैठकीला गेलो. भाव वाचून दाखवले. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "भाव सगळ्यांना ठाऊक आहे. माझं नाव त्या घरावर आहे की नाही, ते कुठे बघायचं, ते सांगा." वीस-बावीस वर्षं तिने डबे करून कर्जाचे हप्ते भरले होते. घराचे कागद कपाटात, कपाटाची किल्ली सासऱ्यांकडे. कागदावर कोणाचं नाव आहे हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. शेअर सर्टिफिकेट किती जणींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे? हात अगदी थोडे वर आले.

त्या दिवशी माझाही हात खाली होता. का, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

मुलुंडचा आमचा ब्लॉक माझ्या वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला. ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. वर्षभराने भाऊ म्हणाला, "सोसायटीला एक कागद लागतो, तुझी आणि आईची सही हवी." मी गेले. फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी मिळून जेवण केलं. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र होतं. मी तो वाचला नाही. भावाकडे कागद वाचायला मागायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, असं मला वाटलं. चार वर्षांनी माझ्या घरात अशी परिस्थिती आली की मला मुलीला घेऊन बाहेर पडावं लागलं. माहेरी गेले. तिसऱ्या आठवड्यात विचारणा झाली, "पुढचं काय ठरवलं आहेस?" माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, कारण तिनेही सही केली होती. स्वतःच्या नवऱ्याच्या घरात स्वतःची मुलगी ठेवून घ्यायला तिला परवानगी लागत होती.

माझे भाऊ वाईट नाहीत. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. रीत होती, ती त्यांनी पाळली आणि मीही पाळली. पण त्या रीतीची किंमत मी आणि आईने भरली.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते पत्रकाच्या पहिल्याच अंकात येणार आहे. मुलींना वडिलांच्या मालमत्तेत हक्क, असं म्हटलं की लोकांना एकदम वडिलोपार्जित वाडा आणि शेत आठवतं. त्या हक्कासाठी महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलला, देशाने २००५ साली बदलला, आणि २००५ पूर्वी वडील वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. ही मोठी लढाई होती. पण उपनगरातले बहुतेक ब्लॉक वडिलोपार्जित नाहीत, कोणीतरी कमावून घेतलेले आहेत. अशा घराचा हिंदू मालक मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची बायको, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. हे १९५६ पासून आहे. म्हणजे माझा वाटा माझ्या जन्माच्या आधीपासून कायद्यात लिहिलेला होता. मी तो एका जेवणावर सोडून दिला. मुस्लीम आणि ख्रिस्ती बहिणींचे नियम वेगळे आहेत, पण वाटा त्यांनाही आहे. त्यांच्यासाठी वेगळा मजकूर करतो आहोत.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. सोसायटीत नवऱ्याने मुलाला नॉमिनी केलं, म्हणजे घर मुलाचं झालं, असा समज घरोघर आहे. नॉमिनी हा मालक नसतो. सभासद वारल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, त्याची ती सोय आहे. वारसांचे वाटे त्याने पुसले जात नाहीत. हे एक वाक्य कळलं असतं तर किती सासवा आणि किती सुना गप्प बसल्या नसत्या!

म्हणून आता पत्रकात भाव राहील, पण तो मागच्या पानावर. पुढच्या पानावर नाव. आपल्या भागात घरं चार तऱ्हांची आहेत आणि प्रत्येकीत बाईचं नाव वेगळ्या ठिकाणी अडतं.

सोसायटीच्या ब्लॉकमध्ये ते करारनाम्यावर आणि शेअर सर्टिफिकेटवर अडतं. दोघांची नावं असली तरी ज्याचं नाव पहिलं, त्याचं मत सभेत आधी मोजलं जातं. दुसऱ्याला संधी पहिल्याच्या गैरहजेरीत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून नव्या बांधणं चाललं आहे. त्या निर्णयाच्या सभेत ज्या बाईचं नाव नाही, ती तिथे कोणीच नसते. नवं स्वयंपाकघर केवढं, दोन वर्षं भाड्याने राहायचं ते कुठे, मुलांच्या शाळेचं काय, हे सगळं तिच्या अंगावर पडणार आणि ठरवताना ती घरी चहा करणार! नाव घालायचं असेल तर बिल्डरशी करार होण्याआधी घाला, नंतर गुंता वाढतो.

पागडीच्या चाळीत ते भाडेपावतीवर अडतं. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जातो. कोणाकडे, यावर एकमत झालं नाही तर न्यायालय ठरवतं. प्रत्यक्षात काय होतं? आईकडून "माझी हरकत नाही" असं लिहून घेऊन पावती मुलाच्या नावावर होते. त्या सहीआधी आईने चार दिवस मागून घ्यावेत आणि कागद कोणाला तरी दाखवावा, एवढं तरी आपण सांगू शकतो.

झोपडपट्टी पुनर्वसनात एक गंमत पाहा. तिथे पात्र झोपडीधारकाशी होणारा करार नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावा, असा नियमच आहे. म्हणजे जे ब्लॉकमधल्या बाईला मागून मिळत नाही, ते वस्तीतल्या बाईला नियमाने मिळायला हवं. पण पात्रतेची यादी, जिला सगळे परिशिष्ट दोन म्हणतात, ती लागते तेव्हा बायका कामावर असतात. नवरा सोडून गेलेला असला तरी यादीत नाव त्याचंच, असं आम्ही वस्तीत पाहिलं आहे. ही यादी बायकांनी एकत्र जाऊन वाचायची, हरकत मुदतीत लेखी द्यायची, पोच घ्यायची.

आणि चौथं भाड्याचं घर. एकटी बाई, घटस्फोटित बाई, मुसलमान बाई घर बघायला गेली की दलाल म्हणतो, "सोसायटी परवानगी देत नाही." सरकारच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावं लागतं. दुसरं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी धरलं जातं. एवढ्याने दार उघडेल असं नाही, पण दारात काय बोलायचं ते कळेल.

मागच्या पानावरचे भावही आम्ही दलालाच्या तोंडचे घेणार नाही. नोंदणी झालेल्या व्यवहाराची रक्कम इंडेक्स टूमध्ये असते, ती घेऊ आणि शेजारी सरकारचा रेडी रेकनरचा दर देऊ. नव्या इमारतीचा महारेरा क्रमांक देऊ. ५०० चौरस मीटरहून मोठा भूखंड आणि आठहून जास्त घरं असतील, तर नोंदणीशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. मंगळसूत्र मोडून टोकन देणाऱ्या बाईला हे आधी कळलं पाहिजे. बिल्डरची किंवा दलालाची जाहिरात पत्रकात घ्यायची नाही, हेही ठरलं आहे. छपाईचा खर्च वर्गणीतून निघेल तेवढाच करू.

आता आक्षेपाकडे येते. आम्हाला म्हणतात, "तुम्ही घरं फोडायला निघालात." माझं उत्तर असं की दोघांचं नाव लागल्याने जे घर फुटतं, ते आधीच फुटलेलं असतं. दुसरा आक्षेप खर्चाचा. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, पण विक्रीच्या मानाने ते फारच कमी. २०२१ पासून फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती वाचवायला काही जण बायकोचं नाव लावतात आणि चेकबुक स्वतःकडे ठेवतात. आपण हसतो. पण मी म्हणते, नाव लागू दे. सवलतीपोटी लागलेलं नावसुद्धा सहीशिवाय विकलं जात नाही.

नाव नसलेल्या बाईने काय करायचं? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केलं. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. संकटात तो आधार आहे. संकट येण्याआधीचं काम वेगळं आहे आणि ते कागदाचं आहे.

हे काम आपण शून्यातून करत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. आपल्या शेजारी गोरेगावात मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने १९७६ च्या जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन लढा दिला आणि दिंडोशीत सामान्य माणसांची हजारो घरं उभी राहिली. पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे काढणाऱ्या बायकांच्याच उपनगरात जमिनीच्या कायद्याचा असा अभ्यास झाला.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. अंधेरी आणि बोरिवलीच्या गटांनी आपापल्या भागाची माहिती गोळा करायला दोन-दोन जणी द्याव्यात. तुमच्यापैकी ज्या वकील आहेत किंवा सोसायटीच्या कमिटीवर आहेत त्यांनी छपाईआधी मजकूर तपासावा, कारण आमची एक चूक कोणाचं तरी घर घालवू शकते. आणि तिसरी गोष्ट आज घरी गेल्यावर करायची. कपाट उघडायला सांगा. भांडायचं नाही, फक्त कागद बघायचा आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचायचं. पुढच्या बैठकीत मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे.