मोटर केवढी घ्यायची? आधी विमान तराजूवर ठेवा

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे करतोय. डिप्लोमाला असलेल्या एका श्रोत्यानं ती पाठवलीय. तो म्हणतो, "दादा, आम्ही चौघं पैसे काढून आरसी विमान बनवतोय. सनबोर्डचं, ट्रेनर टाइप. पंख टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटिमीटर. दुकानदार म्हणतो २२१२ मोटर कमी पडेल, थेट ३५३६ घ्या, पुढेही कामाला येईल. पैसे एकदाच आहेत. काय घेऊ?"

प्रश्न छान आहे, पण त्यात एक आकडा नाहीये. पंखांची लांबी सांगितली, मोटरचा नंबर सांगितला, वजन कुठंय? तयार विमानाचं, बॅटरीसकट वजन. जवळपास सगळे जण असंच विचारतात. "एक मीटरच्या विमानाला कुठली मोटर?" अरे, एक मीटरचं विमान ४०० ग्रॅमचं पण असतं आणि दीड किलोचं पण असतं! मोटर ठरते दोन गोष्टींवरून: वजन किती, आणि त्या विमानाकडून तुम्हाला काय करून घ्यायचंय. नुसतं शांतपणे गोल फिरायचंय, की लूप-रोल मारायचेत?

आता थोडं मागे जाऊ, थेट १९०३ सालात, कारण "मोठं इंजिन की पुरेसं इंजिन" ही मॅच तेव्हाच एकदा खेळून झालीय. अमेरिकेत दोन पार्ट्या माणूस बसेल असं विमान बनवत होत्या. एक सॅम्युएल लँग्ली, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांना सरकारकडून ५०,००० डॉलर मिळालेले. दुसरे राइट बंधू, सायकलच्या दुकानवाले.

लँग्लींच्या विमानाचं इंजिन ५२ हॉर्सपॉवरचं. त्या काळासाठी अक्षरशः चमत्कार. पायलट धरून विमानाचं वजन साधारण ३४० किलो. राइट बंधूंच्या विमानाचं वजनही पायलट धरून जवळपास तेवढंच, ३३८ किलो. आणि इंजिन? १२ हॉर्सपॉवर. त्यांनी आधी गणित मांडलं होतं की आपल्याला ८ हॉर्सपॉवर लागेल. त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलरनं इंजिन बनवलं, ते १२ चं निघालं. मग उरलेली ताकद त्यांनी विमान थोडं जड पण मजबूत करण्यात वापरली.

आपल्या भाषेत सांगायचं तर राइट यांच्याकडे किलोमागे २६ वॉट होते आणि लँग्लींकडे ११४. चौपटीहून जास्त! लँग्लींचं विमान ७ ऑक्टोबरला आणि मग ८ डिसेंबरला, दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत पडलं. दुसऱ्यांदा पडल्यावर नऊ दिवसांनी राइट उडाले. लँग्लींचं का पडलं यावर वाद आहेत. कुणी लाँचरला दोष देतं, कुणी कमकुवत सांगाड्याला. इंजिन मात्र उत्तम होतं. इंजिन उत्तम असूनही विमान नदीत गेलं, हे लक्षात घ्या. आणि राइट यांचं २६ वॉटवर कसं भागलं? साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर, सावकाश फिरणारे, साखळीनं चालणारे. प्रोपेलरवर त्यांनी जेवढं डोकं लावलं, तेवढं त्या काळी कुणीच लावलं नव्हतं. प्रोपेलरकडे आपण परत येऊच.

आता आपल्या विमानाचे आकडे. इलेक्ट्रिक मॉडेलसाठी हिशोब किलोमागे वॉटमध्ये करतात. १०० ते १२० वॉट असतील तर विमान उडतं, पण धापा टाकत. ट्रेनरसाठी १५० च्या आसपास. लूप-रोल मारायचे तर २०० ते २५०. आणि नाक वर करून हवेत लटकायचं असेल, म्हणजे थ्रीडी, तर ३०० आणि वर. हे ढोबळ आकडे आहेत, पण कामाचे आहेत.

आपल्या मित्राचं विमान घेऊ. पंख १२० बाय २० सेंटिमीटरचा धरतो. सनबोर्ड, सर्व्हो, मोटर, ईएससी, तीन सेलची २२०० ची लायपो, सगळं मिळून ९०० ग्रॅम. बनवताना ग्लू गनची नदी वाहवली नाही तर एवढ्यात बसतं. १५० गुणिले ०.९, म्हणजे १३५ वॉट हवेत. आता २२१२, १००० केव्ही मोटरचं डेटाशीट बघा. १२ अँपिअर, ६० सेकंदांसाठी. तीन सेलच्या बॅटरीचे ११.१ व्होल्ट धरले तर १३३ वॉट. मोटर पुरते. लूप मारायला थोडी रडेल, पण पहिल्या विमानावर लूप मारायचाच नसतो.

दुकानदाराची ३५३६ घेतली तर? मोटर स्वतः ४०-५० ग्रॅमनं जड, एवढंच वाटतं. पण ती एकटी येत नाही. तिला मोठा ईएससी लागतो. तेवढा करंट द्यायला मोठी बॅटरी लागते, बहुतेक चार सेलची. मग नाकाजवळची फायरवॉल (ही आपली नेटवर्कवाली नाही, ज्यावर मोटर बसते ती प्लायवूडची पट्टी) जाड करावी लागते. नाक जड झालं म्हणून तोल साधायला शेपटीत वजन टाकतात काही जण. बघता बघता ३०० ग्रॅम वाढतात आणि ९०० चं विमान १२०० चं होतं.

मी दिवसा क्लाउड सर्व्हर सांभाळतो. तिथं गरजेपेक्षा मोठं मशीन घेतलं तर महिन्याचं बिल वाढतं, बाकी काही बिघडत नाही. विमानात मात्र न वापरलेली ताकद पंखाला प्रत्येक सेकंद उचलावी लागते.

३०० ग्रॅमनं काय होतं ते बघा. ज्या वेगाखाली पंख विमान सोडून देतो, तो स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. या पंखाला ९०० ग्रॅमवर तो साधारण ताशी २७ किलोमीटर येतो, १२०० वर ३१. चारच किलोमीटर, असं वाटेल. पण शिकणाऱ्याला लँडिंगच्या वेळी विचार करायला मिळणारा वेळ तेवढ्यानंच कमी होतो. आणि जमिनीवर आपटतानाची ऊर्जा वजनानंही वाढते आणि वेगाच्या वर्गानंही. दोन्ही मिळून पावणेदोन पटीपेक्षा थोडी जास्त. ज्या आपटीत आधी फक्त प्रोपेलर मोडला असता, त्यात आता नाक आत जातं. समोर कुणी उभं असेल तर काय होईल, याचाही विचार करा.

"दादा, पण थ्रॉटल अर्धाच ठेवू की!" हे उत्तर मला दर वेळी मिळतं. थ्रॉटल कमी केल्यानं वजन कमी होत नाही. आणि घाबरलेल्या माणसाचा अंगठा थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो, हा मनुष्यस्वभाव आहे. हातातून सोडताना एकदम फुल थ्रॉटल दिला, तर मोठ्या मोटरचा टॉर्क हलकं विमान बहुतेक वेळा डावीकडे लोळवतो. वेग अजून आलेला नसतो, एलेरॉनला हवा नसते. पुढचं तुम्ही व्हिडिओंमध्ये बघितलेलं आहेच.

दुकानदार अगदीच खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. कमी ताकदीचं विमान जास्त वाईट. ते चढताना हळू होतं, आपण नाक अजून वर ओढतो आणि ते स्टॉल होतं. म्हणून गरजेपेक्षा २०-२५ टक्के जास्त ठेवा, खुशाल ठेवा. इथं ते हवं असेल तर त्याच आकाराची थोडी दमदार मोटर बघा, १६०-१७० वॉटवाली. ३०-४० रुपये इकडेतिकडे करू नका, पण दुप्पट ताकदही नको. म्हणजे मित्रा, ३५३६ राहू दे. वाचलेल्या पैशांत दुसरी बॅटरी घे आणि चार प्रोपेलर जास्तीचे घे. ते नक्की लागणार.

आता केव्हीबद्दल. केव्ही म्हणजे ताकद, असा मोठा गैरसमज आहे. "२२०० केव्ही १००० केव्हीपेक्षा भारी ना?" नाही. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मोटर रिकामी किती फेरे मारेल. गिअरसारखं समजा. जास्त केव्हीला छोटा प्रोपेलर, कमी केव्हीला मोठा. २२०० केव्हीच्या छोट्या मोटरवर १० इंची प्रोपेलर लावलात, तर धूर निघेल. आणि मोटरची खरी कुवत साधारण तिच्या आकारावरून कळते. २२१२ मध्ये २२ हा स्टेटरचा व्यास, १२ ही उंची, मिलीमीटरमध्ये. काही कंपन्या स्टेटरऐवजी बाहेरच्या डब्याचं माप छापतात, त्यामुळे दोन ब्रँडचे नंबर डोळे झाकून शेजारी ठेवू नका. वजन आणि अँपिअर बघा.

प्रोपेलर हा अर्धी मोटर आहे. १००० केव्हीवर १० बाय ४.५ लावला, तर ती २२१२ तिच्या १२ अँपिअरच्या पुढे सरकू शकते. ९ इंची लावला तर निवांत चालते. दुसरा आकडा पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर कागदोपत्री किती इंच पुढे जाईल. साडेचार इंच पिच आणि ८,००० आरपीएम धरले तर ताशी ५५ किलोमीटर येतात. आपला स्टॉलचा वेग २७, त्याच्या दुप्पट. ट्रेनरला झकास जमतं.

ज्यांना कुणा काकांकडून जुने प्लॅन मिळालेत, त्यांच्यासाठी एक. त्यावर "४० साइज" लिहिलेलं असतं. ते सेंटिमीटर नाहीत. ग्लो इंजिनचं ते ०.४० घन इंच, म्हणजे साडेसहा सीसी. ४६ म्हणजे साडेसात. १५ म्हणजे अडीच. बॉक्सवरचा हॉर्सपॉवर बहुतेक १६,००० आरपीएमच्या आसपासचा असतो, आणि उडताना प्रोपेलर लावून इंजिन तिथं पोहोचत नाही. म्हणून त्या आकड्याला थेट वॉटमध्ये बदलून मोटर घेऊ नका. ४० साइजचं ट्रेनर अडीच किलोच्या आसपास असतं. वरचाच हिशोब लावा, मोटर सापडेल.

तुमच्यातले हुशार विचारतील, वजन कळल्याशिवाय मोटर नाही, आणि मोटर घेतल्याशिवाय वजन कळत नाही, मग? बरोबर, हा लूपच आहे. अंदाजे वजन धरा, त्यावर मोटर निवडा, तिचं, ईएससीचं, बॅटरीचं वजन टाकून परत हिशोब करा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिर होतो. दर फेरीत वाढतच चालला असेल, तर डिझाइन जड आहे. तिथं मोटर बदलून उपयोग नाही, सनबोर्ड कापा.

विकत घेतल्यावर उडवायच्या आधी विमान शेपटीकडून दोरीनं सामान मोजायच्या डिजिटल काट्याला बांधा, काटा पक्क्या खुंटीला. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर. कुणीही प्रोपेलरच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. फुल थ्रॉटल, दहा सेकंद. काट्यावर वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ दिसली पाहिजे. ९०० ग्रॅमला ६००-७०० मिळाली तर उत्तम. अँपिअर १२ च्या वर गेले तर प्रोपेलर लहान करा. मग मोटरला हात लावा. बोट ठेववत नसेल इतकी तापली, तर हवेत ती अजून तापेल असं धरून चाला.

ही टेस्ट सकाळच्या गारव्यात केली असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मे महिन्यात ३८ अंशाला इथली हवा समुद्रकिनाऱ्यावरच्या १५ अंशाच्या हवेपेक्षा साधारण १३ टक्के विरळ असते. पंखही कमी उचलतो, प्रोपेलरही कमी ओढतो. पहिलं उड्डाण सकाळी सातला करा, वारा पण पडलेला असतो.

तर तुमच्या विमानाचं बॅटरीसकट वजन, पंखाची लांबी-रुंदी आणि काट्यावरचा आकडा, तिन्ही पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तोल म्हणजे सीजी घेतोय, त्यात तुमचेच आकडे वापरू. चला, भेटू.