भिंत पाहण्याआधी जमीन पाहा

(सुपा, ता. पारनेर येथील सभासद मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लहान इमारतीतील सदनिका घेताना कोणती काळजी घ्यावी, या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. मी वकील नाही, बांधकाम व्यावसायिकही नाही. नगर आणि सुपा येथील कारखान्यांत मिळून तीस वर्षे स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला मी एक साधा माणूस आहे. परंतु या व्यवहारात मी एकदा बुडालो आणि एकदा तरलो. बुडण्याची फी मी भरून बसलो आहे. तीच फी तुमच्यापैकी कोणाला पुन्हा भरावी लागू नये, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

मित्रहो, आपले सुपा म्हणजे नगर-पुणे रस्त्यावरचे अवर्षणग्रस्त पट्ट्यातले गाव. येथे औद्योगिक वसाहत आली, पुढे जपानी कंपन्यांसाठी वेगळा विभाग झाला, डोंगरावर पवनचक्क्या फिरू लागल्या. बाहेरगावचा कामगार येथे राहू लागला. आधी त्याने पत्र्याच्या खोल्या भाड्याने घेतल्या, आणि आता तो दोन खोल्यांच्या मालकीच्या घराचे स्वप्न पाहतो आहे. त्या स्वप्नासाठी तळमजला आणि वर दोन मजले, सहा किंवा आठ सदनिका, लिफ्ट नाही, पहारेकरी नाही, अशा छोट्या इमारती उभ्या राहतात. मोठ्या संकुलापेक्षा किंमत कमी, महिन्याचा खर्च कमी आणि शेजारी ओळखीचे. म्हणून त्या आपल्यासारख्यांना परवडतात. त्यात वाईट काहीच नाही. मी स्वतः अशाच इमारतीत राहतो. पण तिथे पोहोचण्याआधी काय झाले, ते ऐका.

सन २००९ मध्ये जवळच्याच एका शिवारात आठ सदनिकांची इमारत बांधायला निघाली. जागा रस्त्यालगत, पाया भरलेला, बोअरला पाणी. बांधणाऱ्याने रंगीत नकाशा दाखविला. मी मागेपुढे न पाहता भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढले, माझ्या पत्नीने भिशीचे पैसे दिले आणि हप्त्याहप्त्याने आम्ही तीन लाख वीस हजार रुपये भरले. पावत्या मिळाल्या त्या साध्या वहीतल्या. नोंदणीकृत करार नव्हता. "बँकेचे कर्ज झाले की करार करू," असे सांगण्यात आले आणि मी मान डोलावली.

बँकेच्या वकिलाने सातबारा मागितला, तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. पैसे भरून आठ महिने झाल्यावर! त्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद होती आणि 'इतर हक्क' या रकान्यात महार वतन, नवीन शर्त असे शब्द होते. बँकेने कर्ज नाकारले. काम जोत्यापाशी थांबले. पुढची चार वर्षे आम्ही हेलपाटे घातले आणि त्यातून दोन लाख दहा हजार परत आले. उरलेले आजतागायत आलेले नाहीत.

परंतु, बंधूंनो, मला रुखरुख लागली ती केवळ पैशाची नाही. सातबाऱ्यावरची नावे आपल्याच लोकांची होती. मी त्या घरी गेलो. एक म्हातारी आई ओट्यावर बसली होती. मी विचारले, "आई, जमीन विकली का तुम्ही?" ती म्हणाली, "लेकरा, कशाचा कागद होता ते कोणी सांगितलंच नाही. गाडीत बसवून पारनेरला नेलं, चहा पाजला अन् अंगठा घेतला." तो कागद कुलमुखत्यारपत्राचा होता. तिच्या हाती नाममात्र रक्कम पडली होती. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "माझी जमीन बी गेली अन् तुझं घर बी गेलं. मग मिळालं कुणाला?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी कायद्याची पुस्तके चाळू लागलो.

वतनाचा इतिहास आपल्याला नवा नाही. गावकीच्या वेठीच्या मोबदल्यात दिलेली ती जमीन. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा १९५८ चा कायदा झाला. वतने संपली आणि ठरलेली रक्कम भरल्यावर जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. ती शर्त आपल्या संरक्षणासाठीही आहे. अशा जमिनीवर इमारत बांधून विकायची असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि शासनाकडे नजराणा भरावा लागतो. ते न करता झालेला व्यवहार पुढे केव्हाही उलटू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील वतनाच्या जमिनीवरून केवढे वादळ उठले, ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. दस्ताची नोंदणी झाली म्हणजे व्यवहार निर्दोष झाला, हा भ्रम त्यामुळे तरी दूर व्हावा.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, सदनिका घेणे म्हणजे आधी जमीन घेणे आहे. फरशी, रंग, नळाची तोटी नंतर पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता घरबसल्या काढता येतो. त्यावर चार गोष्टी बोट ठेवून वाचा. मालकाचे नाव, गट नंबर, भोगवटादाराचा वर्ग आणि 'इतर हक्क'. जुने फेरफार काढा. निदान तीस वर्षांचा शोध-अहवाल आपल्या वकिलाकडून घ्या, बांधणाऱ्याच्या वकिलाकडून नव्हे. वारसांपैकी एखादी बहीण सहीवाचून राहिली आहे काय, हे विचारा. कुलमुखत्यारपत्र दाखविले, तर ते देणारा माणूस हयात आहे का आणि ते नोंदविलेले आहे का, हे पाहा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलेले आहे.

गावाच्या नावाकडेही लक्ष द्या. सुपे नावाचे गाव बारामती तालुक्यातही आहे, म्हणून दस्तात तालुका पारनेर असे स्पष्ट हवे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर अहमदनगर असेल. त्याने घाबरून जाऊ नका, परंतु गट नंबर जुळतो ना, ते पाहा.

दुसरी गोष्ट परवानगीची. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर ग्रामपंचायतीचा नुसता ठराव पुरत नाही. सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला नकाशा हवा आणि इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र हवे. येथे आपल्या लोकांचा गोंधळ होतो. भोगवटादार वर्ग हा जमिनीचा प्रकार आहे, तर भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला. एक असले म्हणून दुसरे आहे असे समजू नका. मंजूर नकाशा हातात घेऊन इमारतीभोवती फिरा. नकाशात दोन मजले आणि प्रत्यक्षात तीन असतील, तर तिसऱ्या मजल्यावरचे घर स्वस्त का मिळते आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

आता तिसरी गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. अलीकडे प्रत्येक जण विचारतो, "रेरा आहे ना?" केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा काम करू लागले. ग्राहकाला त्याचा मोठा आधार आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि प्रकल्पाची माहिती सर्वांना पाहता येते. परंतु जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना थोडे कमी. आपण घेतो त्या बहुतेक छोट्या इमारती नेमक्या या मापात बसतात! ज्याचा खिसा सर्वांत लहान, त्याच्याच दारात हा पहारेकरी उभा नाही. म्हणून आपला पहारा आपणच केला पाहिजे.

मग आपल्याला कायदाच नाही काय? आहे. महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या सदनिकांचा १९६३ चा कायदा आहे, ज्याला व्यवहारात मोफा म्हणतात. किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी बांधणाऱ्याने लेखी करार करून त्याची नोंदणी केली पाहिजे, असे तो सांगतो. जमिनीची मालकी आणि मंजूर नकाशे दाखविण्याचे बंधनही त्याने घातलेले आहे. मी हे २००९ साली वाचले असते, तर वहीतल्या पावत्यांवर पैसे मोजले नसते. विसार द्यायचा तर धनादेशाने द्या, थोडा द्या, आणि करार नोंदविल्याखेरीज पुढचा रुपया देऊ नका. क्षेत्रफळ ठरविताना भिंतीच्या आतले, म्हणजे कार्पेट, किती हे लिहून घ्या आणि स्वतः टेप लावून मोजा.

चौथी गोष्ट, घर ताब्यात आल्यानंतरची. किल्ली मिळाली म्हणजे सर्व मिळाले असे नव्हे. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? यासाठी दोन मार्ग आहेत. एक सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, त्यात जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते. दुसरा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याचा, ज्याला पुष्कळदा कॉन्डोमिनियम म्हटले जाते. त्यात नोंदणीकृत घोषणापत्र होते आणि प्रत्येकाला आपल्या सदनिकेबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा आपल्या नावे मिळतो. कोणताही मार्ग घ्या, पण तो करारात आधीच लिहून घ्या. बांधणारा जमीन नावावर करून देत नसेल, तर मोफा कायद्यात २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. त्यासाठी संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावयाचा असतो.

आणि लहान इमारतीत माणसे सांभाळावी लागतात. आमच्या इमारतीत सहा घरे आहेत. शंभर घरांत एकाने वर्गणी थकविली तर कोणाला कळतही नाही. सहांत एकाने थकविली की मोटारीचे वीजबिल अडते. तीन वर्षांपूर्वी गच्ची गळू लागली, तेव्हा खालचे म्हणाले, "गळते ती वरच्यांच्या घरात, आम्ही का भरावे?" शेवटी सर्वांना एकत्र बसवून मी विचारले, "सेप्टिक टँक तुंबला तर वरच्यांनी म्हणायचे का, की तो तुमच्या अंगणात आहे?" सर्व हसले आणि सहाही घरांनी पैसे दिले. तेव्हापासून आम्ही दरमहा ठरावीक रक्कम बँकेत संयुक्त खात्यावर टाकतो आणि हिशेब जिन्यात लावतो. घर घेण्यापूर्वी आधीच्या रहिवाशांना भेटा. पाणी एप्रिल-मे महिन्यात किती येते, टँकर किती लागतात, हे त्यांनाच विचारा. पावसाळ्यात सर्वच बोअर गोड लागतात.

भगिनींनो, एक शब्द तुमच्यासाठी. दुसऱ्या वेळी सातबारा, फेरफार आणि नकाशा पाहिल्याशिवाय एक पैसाही देणार नाही, असे माझी पत्नी ठामपणे म्हणाली आणि ते सर्व कागद तिनेच तपासून घेतले. ती सातवी शिकलेली आहे. न समजलेल्या प्रत्येक शब्दावर तिने पेन्सिलीने खूण केली आणि त्याचा अर्थ कळेपर्यंत व्यवहार थांबविला. ते घर तिच्या नावावर आहे. निवासी घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचे शासनाने २०२१ साली ठरविले. तिचा लाभ घ्या. त्याहून मोठा लाभ हा की, कागदावर जिचे नाव असते, ती कागद वाचायला शिकते.

समारोप करताना संस्थेला एक नम्र सूचना करतो. महिन्यातून एका रविवारी दोन तास आपल्या सभागृहात एक टेबल मांडावे. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने कागद आणावेत, आणि ज्याला जमिनीच्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला आहे त्यानेही आणावेत. आपल्यातले शिक्षक, तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले बंधू, तरुण वकील यांनी ते मोठ्याने वाचून दाखवावेत. सल्ला द्यावा की न द्यावा हा पुढचा प्रश्न, वाचून तरी दाखवावे. त्या म्हातारीला पारनेरला नेण्याच्या आदल्या रविवारी असे एक टेबल असते, तर तिची जमीन राहिली असती आणि माझी पुंजीही.

ती आई आता हयात नाही. तिच्या नातवाने त्या जमिनीसंबंधी अर्ज केलेला आहे, आणि त्याचे कागद मी दर महिन्याला वाचून देतो. जोत्याचे दगड अजून तिथेच आहेत.   जय भीम.