दरडीचा रस्ता : घरटी किती द्याल?
(ग्रामसभेपुढं केलेलं भाषण)



मागच्या पावसात घाटात दरड आली आणि आपला रस्ता निम्मा खाली गेला. परवा एक साहेब वही घेऊन घरोघर फिरले. विचारलं, "दुरुस्तीला घरटी किती पैसे द्याल?" माझी आई म्हणाली, "पैसा नाही बाबा." त्यांनी शून्य लिहिलं. शेजारच्या काकांनी लाजेखातर 500 सांगितले. ते 500 लिहिले.

शून्य वाचून वरचे म्हणतील, यांना रस्ता नको. 500 वाचून म्हणतील, हे आपलं आपण करतील. दोन्हीकडून आपणच बुडालो.

आता खरा हिशोब बघा. शून्य सांगणारी माझी आई दरडीच्या दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन सगळ्यांच्या पुढं होती. चार दिवस अख्खी वाडी दगडमाती उपसत होती. ती बुडालेली मजुरी कुणाच्या वहीत आहे? बाळंतीण झोळीत घालून खाली नेली, आठ माणसांचा दिवस गेला. भाजीची पाटी डोक्यावर नेली, बाजाराला उशीर झाला, पडेल त्या भावानं दिली. म्हणजे आपण रोजच भरतोय. फक्त पावती नाही.

रस्त्याचं मोल काय ते दोन गावांनी दाखवलंय. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, तेव्हा बाहेर खबर गेली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळं. गाडी तिथवर जात होती म्हणून. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. तिथं गाडीरस्ता नव्हता. मशीन वर जाईना, माणसं कुदळ-फावड्यानं माती उकरत होती.

म्हणून सांगतो, घराघरानं वेगळं उत्तर देऊ नका. उत्तर ग्रामसभा देईल. आज ठराव असा करू :

1. श्रमदान करू, पण माणसं किती, दिवस किती, हे सही-अंगठ्यासह ग्रामसभेच्या वहीत लिहू. एकट्या बाईवर, म्हाताऱ्यांवर सक्ती नाही.

2. संरक्षक भिंत, मोरी, वरच्या पाण्याला गटार, हे सरकारनं करायचं. पाणी मुरून डोंगर सुटतो. नुसती माती टाकली तर पुढच्या पावसात जाईल. आपली वर्गणीही तिच्याबरोबर जाईल.

3. रस्ता थोडा वळवावा लागला तर जमीन जंगलाची आहे. वनखातं अडवेल. तेव्हा वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) दाखवा. गावाच्या रस्त्याला 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसली तर. पण ग्रामसभेची शिफारस लागते. ती आपल्या हातात आहे.

साहेब परत आले तर आपली वही त्यांच्यापुढं ठेवू. म्हणू, आम्ही इतकं दिलं. आता तुम्ही किती देता, ते लिहा.

जोहार! जिंदाबाद!