तिजोरी नसलेली बँक : आपली वीज, आपली गच्ची आणि नवं मीटर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला सांगितलं होतं, "काका, बँकेतल्या आठवणी सांगा." बँकेच्या आठवणी माझ्या घरच्यांनी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांना आज इथे बसवलं नसतं. तेव्हा मी विषय बदलून घेतला. आपल्या सोसायटीपुढे सध्या दोन प्रश्न आहेत. गच्चीवर सोलर बसवायचं की नाही, आणि दारात आलेल्या नव्या मीटरचं काय करायचं. या दोन प्रश्नांवरून ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं, त्यामुळे पंचवीस वर्षांचे शेजारी जिन्यात समोरासमोर आले तरी मान वळवायला लागले आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत मत द्यायचंच आहे, तर निदान विषय समजून घेऊन देऊ, एवढाच आजचा हेतू.

मंडळी, वीज म्हणजे काय ते बँकेच्या भाषेत सांगतो. वीजव्यवस्था ही तिजोरी नसलेली बँक आहे. आपल्या बँकेत सकाळी कोणी पैसे भरले तर ते तिजोरीत राहतात, दुपारी दुसरा कोणी काढून नेतो. विजेचं तसं नाही. जेवढी या क्षणाला तयार होते, तेवढी याच क्षणाला वापरली गेली पाहिजे. आम्ही दिवसाच्या शेवटी हिशेब जुळवायचो, फरक निघाला तर रात्री नऊ वाजेपर्यंत बसायचो. वीजवाल्यांना हा हिशेब प्रत्येक सेकंदाला जुळवावा लागतो. तो जुळला की नाही हे सांगणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की ती खाली येते, उलट झालं की वर जाते. फार हलली की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला होतात, आणि एकामागून एक दिवे जातात.

असं झालेलंही आहे. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रीड गेल्या. सुमारे ६० कोटी लोक राहतात एवढा भाग अंधारात. आपली पश्चिम ग्रीड त्यातून वाचली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन सुरू झाली आणि दक्षिणही जोडली गेली. तेव्हापासून सगळ्या देशाची एकच ग्रीड आहे. म्हणजे यवतमाळातला तुमचा कूलर आणि आसाममधला कोणाचा तरी पंखा एकाच खातेवहीत आहेत.

आता दुसरा प्रसंग, जो या सभागृहातल्या प्रत्येकाला आठवेल. ५ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. आपण गॅलरीत पणत्या लावल्या. ग्रीड सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता की देशाची मागणी १२-१३ हजार मेगावॅटनं घटेल. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटनं घटली, दुपटीहून जास्त. तरीही ग्रीड कोसळली नाही. कारण संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक राज्याचा आकडा दिसत होता आणि जलविद्युत केंद्रं पटापट खाली घेता-वर आणता येत होती. कोळशाच्या केंद्राला हे जमत नाही, त्याचा बॉयलर म्हणजे चुलीवरचं मोठं पातेलं, तापायलाही वेळ आणि निवायलाही वेळ. पाण्याचं टर्बाईन मात्र काही मिनिटांत चालू-बंद होतं. म्हणून तर कोयनेचं १९६० मेगावॅटचं केंद्र राज्याला एवढं मोलाचं.

या कामाचं आपल्या राज्यातलं मुख्य ठिकाण म्हणजे नवी मुंबईत ऐरोली इथलं राज्य भारप्रेषण केंद्र. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करतात आणि कोणत्या भागात कोणी किती वीज द्यायची, कोणी किती घ्यायची, ते आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. आपल्या जुन्या क्लिअरिंग हाऊससारखंच, फक्त दिवसातून ९६ वेळा.

आजवर हे गणित त्यातल्या त्यात सोपं होतं. आपल्या जिल्ह्यात वणीकडे कोळसा निघतो, शेजारी चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. मोजकी मोठी केंद्रं वीज देणार, कोट्यवधी लोक घेणार. पैसे भरणारे थोडे, काढणारे फार. आता सूर्य आला. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौर क्षमता १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. ही वीज दुपारी बारा-एकला उदंड असते आणि संध्याकाळी सात वाजता, नेमके सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर, कूलर सुरू होतात तेव्हा शून्य. त्यात पावसाळ्यात एक ढग आला की भरणा अर्ध्यावर. शिवाय आता गच्चीगच्चीवर भरणा करणारे खातेदार झाले. जिथे दहा-वीस मोठे खातेदार होते तिथे लाखो लहान खातेदार झाल्यावर वहीपेननं बँक चालेल का? नाही चालणार. म्हणून संगणक, म्हणून हवामानाचा अंदाज, म्हणून दूरवरून वाचता येणारं मीटर. स्मार्ट ग्रीड स्मार्ट ग्रीड म्हणतात ते एवढंच.

यात आपल्या जिल्ह्याचं नाव सुरुवातीपासून आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावं. राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्पांसाठी दोन गावं निवडली. एक राळेगणसिद्धी आणि दुसरं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. कल्पना साधी. शेतीचे फीडर वेगळे करायचे, उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. २०२३ मध्ये याच योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि त्याचं उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवलं गेलं.

शहरात राहणाऱ्यांना याचं काय, असं कोणी म्हणू नये. या सोसायटीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं वावर अजून गावाला आहे. रब्बीत रात्री दोन वाजता लाईन येते म्हणून हरभऱ्याच्या ओलिताला जाणारा तुमचा भाऊ असेल, माझा पुतण्या असेल. पायाखाली साप, बांधावर रानडुक्कर, थंडीत गुडघाभर चिखल. ज्या घरची बाई दाराशी बॅटरी घेऊन त्याची वाट पाहत बसते, तिला दिवसाच्या लाईनीची किंमत सांगावी लागत नाही. सूर्य दिवसा असतो आणि ओलित दिवसा करता येतं. हा मेळ बसला तर तिजोरीची गरजच कमी होते.

आता आपल्या दाराशी येऊ. नवं मीटर.

भीती पहिली : प्रीपेड. पैसे संपले की अंधार, अशी. तर २०२४ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. आता बसतात ती टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार नोंद ठेवणारी. बिल पूर्वीसारखंच महिना झाल्यावर.

भीती दुसरी : मीटर पळतं. मी म्हणतो, शंका घ्याच. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत संगणक आले, तेव्हा ग्राहक म्हणायचे, "साहेब, हे मशीन माझे पैसे खाईल." आम्ही त्यांना मशीनची महती सांगत बसलो नाही. पासबुक भरून दिलं, प्रत्येक नोंद दाखवली. ज्या दिवशी खातेदाराला स्वतःची नोंद स्वतः तपासता आली, त्या दिवशी भीती गेली. इथेही तोच न्याय. २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमात दुरुस्ती झाली आहे. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर कंपनीनं पाच दिवसांत पडताळणीचं दुसरं मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची. ग्रुपवर शंभर मेसेज लिहिण्यापेक्षा एक लेखी अर्ज करा, पोच घ्या.

फायदा काय, तेही रोखठोक सांगतो. १ जुलै २०२५ पासून असं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत ठरली आहे. दुपारी भरणा जास्त होतो म्हणून बँकच म्हणते, या वेळेत पैसे काढा, तुम्हाला सूट देतो.

आता हिशेब करा. समजा आपली मोटर तीन हॉर्सपॉवरची, म्हणजे ढोबळ सव्वादोन किलोवॅट. रोज तीन तास चालली तर महिन्याला २०० युनिट. दुपारी चालवली तर ८० पैशांनी १६० रुपये वाचतील. सामाईक मीटर कोणत्या प्रवर्गात आहे ते बिलावर पाहून घ्यावं. १६० रुपये ही काही मोठी रक्कम नाही, मीही मान्य करतो. पण २०१८ साली निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा पाण्याच्या थेंबाचा हिशेब आपण यवतमाळकरांनीच केला होता. गच्चीवरची टाकी म्हणजे आपली तिजोरी. दुपारच्या सूर्यावर भरलेली टाकी संध्याकाळी नळाला येते, म्हणजे दुपारची वीज संध्याकाळी वापरली. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घाटघरला होते. तिथे २५० मेगावॅटच्या प्रकल्पात पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेला खाली सोडून वीज करतात.

राहिला सोलरचा प्रश्न. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी ते किलोवॅटला १८ हजार. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे पाच किलोवॅट बसवलं तर महिन्याला सुमारे ६०० युनिट आणि अनुदान ९० हजार. पण तीन गोष्टी आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको.

एक, बॅटरी नसलेलं सोलर लाईन गेली की बंद पडतं. हा दोष नाही, ती सुरक्षा आहे. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तेव्हा "आता लाईट जाणारच नाही" असं कोणी विकत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

दोन, गच्ची सगळ्यांची. वरच्या मजल्याचीही नाही आणि आधी अर्ज करणाऱ्याचीही नाही. म्हणून माझं मत, आधी सामाईक मीटरसाठी लागेल तेवढी जागा ठरवावी, उरलेल्या जागेचं वाटप सभेत ठराव करून, इतिवृत्तात लिहून करावं. पापड, कुरडया, वाळवणाची जागा सोडावी. हे हसण्यावारी नेऊ नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

तीन, किमान तीन ठिकाणची कोटेशनं, मागच्या बारा महिन्यांची बिलं आणि पॅनेल धुण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर आल्याशिवाय सही नको. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ किती बसते ते सांगायला नको.

आणि एक बँकवाल्याची सूचना. "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला की समजावं, चोर आहे. लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या शेजाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यावं. मीटर स्मार्ट झालं, माणसानंही व्हायला हवं.

ज्यांचा विरोध आहे त्यांनी सभेत जरूर बोलावं. त्यांच्या प्रश्नांमुळेच कागद नीट तयार होतील. आम्ही खातं जुळत नसलं तर सहकाऱ्याशी बोलणं बंद करत नव्हतो, दोघं मिळून फरक शोधत होतो. मोटरची वेळ बदलायला तर ठरावही लागत नाही, सचिवांनी वॉचमनला सांगितलं की झालं. ते उद्यापासून करू. बाकीचं सभेत, समोरासमोर बसून.