भिंत नसलेला तुरुंग



सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. इथे शिक्षा भोगणारे कैदी राहतात. पण उंच भिंती नाहीत. दिवसभर ते शेतात राबतात. संध्याकाळी आपल्याच बायकामुलांत जेवायला बसतात.

ही कल्पना औंध संस्थानातली. साल १९३९च्या आसपासचं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी ती प्रत्यक्षात आणली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. कथा गदिमांची, आणि गदिमा तर याच भागातले, माणदेशचे!

आता मुद्द्याचं.

कडक तुरुंगामुळे माणूस पुन्हा गुन्हा करायचा थांबतो का?

अनेक देशांतले अभ्यास सांगतात, नुसत्या कडकपणाने थांबत नाही. नॉर्वेत कैद्यांना शिक्षण आणि काम देण्यावर भर असतो. तिथे सुटलेल्या पाचांपैकी साधारण एकालाच दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होते.

म्हणजे पुन्हा तेच, श्रोतेहो: नुसता कडकपणा पुरत नाही. सुटल्यावर हाताला काम लागतं. वाट पाहणारं घर लागतं. स्वतंत्रपुरात ही दोन्ही सुटकेआधीच असतात.

एक मात्र खरं. अशा खुल्या तुरुंगात कैदी वर्तन पाहून, निवडून पाठवतात. त्यामुळे तिथलं यश सगळ्याच तुरुंगांच्या हिशेबात सरसकट धरता येत नाही.