चूक दुरुस्त करणारे गणित

‘एरर करेक्टिंग कोड्स’ हा विद्यापीठातला एका सत्राचा विषय. मी तो नोकरी सांभाळून शिकलो. शाळेतलं गणित कुठवर पोचतं, हे मला या विषयानं जेवढं दाखवलं तेवढं दुसऱ्या कशानंच दाखवलं नाही, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतोय.

आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक पडताळणीचा असतो. आधीचा एखादा अंक चुकला, की हिशेब जुळत नाही. पण चूक नेमकी कुठे झाली, ते तो सांगत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग याच अडचणीपाशी आले होते. शनिवार-रविवारी यंत्रावर लावलेलं त्यांचं काम चूक आढळताच यंत्र सोडून द्यायचं आणि पुढचं काम घ्यायचं. यंत्राला चूक कळते, तर तिची जागा का कळू नये? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलं.

ते फळ्यावर करून पाहू. सात घरं आखा. ३, ५, ६, ७ या घरांत आपला निरोप भरा: १, ०, १, १. उरलेली १, २ आणि ४ ही घरं पहारेकऱ्यांची. पहिला १, ३, ५, ७ या घरांवर नजर ठेवतो. दुसरा २, ३, ६, ७ वर. तिसरा ४, ५, ६, ७ वर. प्रत्येकानं आपल्या घरांची बेरीज सम राहील असा अंक स्वतःच्या घरात लिहायचा. तयार होतं ०११००११. आता वाटेत सहाव्या घरातला १ बिघडून ० झाला, असं धरा. पहिल्याची बेरीज सम येते. दुसऱ्याची विषम, तिसऱ्याचीही विषम. तक्रार करणाऱ्यांची घरं २ आणि ४. बेरीज सहा! चूक सहाव्या घरात. निरोप पुन्हा मागवावा लागत नाही. मात्र एकाच वेळी दोन घरं बिघडली, तर ही पद्धत भलत्याच घराकडे बोट दाखवते.

अभ्यासक्रमाचा खरा चढ यापुढे लागतो. इथे मर्यादित संख्यांची क्षेत्रं, म्हणजे मोजक्याच संख्यांत बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार चालणाऱ्या व्यवस्था येतात आणि बरेच विद्यार्थी गळतात. शिक्षकही कधी कधी सूत्रं देऊन पुढे सरकतात, ते मला मान्य नाही. कारण रीड आणि सोलोमन यांची १९६० ची कल्पना मुळात सोपी आहे. दोन बिंदूंनी रेषा ठरते. दोनाऐवजी त्याच रेषेवरचे पाच बिंदू पाठवा. एक भरकटला तरी उरलेले चार एका रेषेत राहतात, आणि भरकटलेला उघडा पडतो. रेषेच्या जागी वरच्या घाताची बहुपदी घ्या आणि संख्या मर्यादित क्षेत्रातल्या घ्या, की तीच युक्ती चरे पडलेली सीडी वाजवते आणि दुकानातला मळलेला क्यूआर कोड वाचते.

याच सुमारास राजचंद्र बोस आणि द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी एकापेक्षा जास्त चुका दुरुस्त करणारे कोड मांडले. फ्रान्समध्ये ओकेंगेम यांनी ते स्वतंत्रपणे शोधले होते. बोस यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. नागपूरला शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये लॅटिन चौरसांबद्दलचं ऑयलरचं अनुमान खोटं ठरवलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच वर्षी बोस-श्रीखंडे यांनी कोडरचनेवरही निबंध लिहिला, तो मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. आपल्या महाविद्यालयांत हा विषय शिकवताना श्रीखंड्यांचं नाव आलंच पाहिजे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. पी. विजय कुमार यांची या विषयावरची व्याख्यानं एनपीटीईएल या शैक्षणिक संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. बारावीनंतर गणित सुटलेल्यांनी आधी थोडं रेषीय बीजगणित करावं आणि मग या व्याख्यानांना हात घालावा. आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा. नुसतं ऐकून हा विषय येत नाही.