नखाला लागलेली मर

तायांनो, बचतीचे हप्ते नंतर घेऊ, आधी जरा आपापल्या पायाकडे बघा. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, भुगा पडणारं झालंय का कुणाचं? लाजू नका. माझी आईसुद्धा चारचौघींत पाय साडीखाली ओढून घ्यायची.

हरभऱ्याला मर लागते ना, ती फ्युजेरियम बुरशीमुळे. त्याच कुळातली मातीतली बुरशी कधीकधी नखातही शिरते. ठेचलेलं, सतत ओलं राहणारं नख तिला आयतंच सापडतं. नायट्याच्या बुरशीपेक्षा हे कमी वेळा होतं, पण नायट्याच्या गोळ्यांना ती दाद देईलच असं नाही.

आईनं मेडिकलमध्ये विचारून गोळ्या आणल्या, तीन महिने खाल्ल्या. पैसे गेले, नख तसंच. मग त्वचेच्या डॉक्टरांनी नखाचा भुगा तपासायला पाठवला, तेव्हा कळलं की बुरशीच वेगळी! ही बुरशी मातीत असतेच, म्हणून खात्रीसाठी नमुना पुन्हा मागतात. कंटाळू नका. रिपोर्टला तीन-चार आठवडे जातात. आधीपासून मलम, गोळी चालू असेल तर ते सांगायचं.

शुगरवाल्या तायांनी मात्र थांबूच नये, त्यांना नखाजवळची बारीक जखमही महागात पडते.

आणि औषध लागू पडलं तरी अंगठ्याचं नवीन नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आईचं आत्ता कुठे अर्धं आलंय.